तीस मिनिटांची वंदना

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मी माझ्या आत्याचं थांबणं कापून टाकलं. दोन कॅसेटी, एक टेपरेकॉर्डर आणि पॉजचं बटण, एवढ्याच सामानात. कापून झाल्यावर स्वतःची पाठ स्वतःच थोपटली, गल्लीच्या तोंडावरच्या इराण्याकडून उस्मानिया बिस्किटांचा पुडा आणला आणि घरात वाटला. माझ्याइतकी हुशार मुलगी त्या काळी अख्ख्या गौलीगुड्यात दुसरी नव्हती, असं माझं प्रामाणिक मत होतं. आणखी कुणाचं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

आमचं घर बस-अड्ड्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पहाटेपासून हॉर्न, कंडक्टरांच्या आरोळ्या, इंजिनांची घरघर, आणि या सगळ्याच्या वरून येणारा एक आवाज, तो माझ्या बाबांचा. बाबा अड्ड्यावर अनाउन्सर होते. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते तेलुगूत सांगायचे, मग उर्दूत, आणि नांदेड-परभणीची गाडी असली की वरून मराठीतही, कुणी सांगितलेलं नसताना. बोलण्याआधी माइकवर बोटानं दोनदा टकटक करायची त्यांची सवय होती. ती टकटक आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. नांदेडची दुपारची गाडी लागली की आत्या तव्यावर भाकरी टाकायची, कारण त्यानंतर बाबा जेवायला घरी यायचे. आमच्याकडे घड्याळ होतं, पण ते बंद पडलेलं. कुणाला त्याची गरज वाटली नाही.

आत्या म्हणजे सोनाआत्या, बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती परभणीकडून आमच्याकडे आली, आणि माझी आई गेल्यावर घर तिनंच धरून ठेवलं. एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती आया होती. तिच्या लुगड्याला कायम डेटॉलचा आणि लसणाचा मिळून एक वास यायचा. शेकडो बायकांना तिनं कळा येईपर्यंत थोपवलं होतं, हात धरून बसली होती. घाई हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. माझ्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

मग एका सकाळी बाबा दात घासता घासता मोरीत खाली बसले आणि उठले नाहीत. उजवी बाजू गेली. हात पुढं थोडाफार परत आला, पाय ओढत का होईना चालायला लागला, पण जीभ आली नाही. तीन भाषांत गाड्या सोडणारा माणूस 'आं' आणि 'हां'वर आला. आत्या भाकरी दुधात कुस्करायची, वर चिमूटभर साखर घालायची आणि चमच्यानं भरवायची. अड्ड्यावर नवा अनाउन्सर आला. तो टकटक करायचा नाही, एकदम ओरडायचा. त्याचा आवाज आला की बाबा भिंतीकडं तोंड करायचे. आत्यानं त्या बाजूची खिडकी बंद केली ती पुढं कायमची.

रविवारी सकाळी आम्ही विहारात जायचो. विहार म्हणजे काही मोठं समजू नका. मराठवाड्यातून आलेल्या पंधरा-वीस घरांनी मिळून बांधलेली एक लांबट खोली, वर पत्रे, पुढच्या ओट्यावर बुद्धमूर्ती, खाली सतरंज्या. वंदना आत्या सांगायची. पुष्कळांना ती पाठ नव्हती, म्हणून आत्या एक ओळ म्हणायची आणि मागून सगळे म्हणायचे. माझी जागा मागं, दाराशी. भक्ती हे कारण नव्हतं. तिथून लवकर सटकता यायचं. बाबा पुढं, आत्याच्या डाव्या हाताला, खुर्चीवर. आजारानंतर चार-पाच महिन्यांनी एका रविवारी बायका घरी आल्या आणि सांगायला लागल्या, "सुमे, तुझे बाबा आज 'सरणं' म्हणाले. पूर्ण." ते म्हणाले तेव्हा मी विहाराच्या दाराबाहेर चपला घालत होते, त्यामुळं माझं ऐकायचं राहिलं. पुढच्या रविवारी दोन शब्द झाले. पावसाळा संपेपर्यंत पंचशीलातली पहिली ओळ ते म्हणायला लागले, अडखळत, पण म्हणायचे. घरी मात्र पुन्हा आं आणि हां. मी शेजारीपाजारी सांगत फिरले की डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण आला. आत्याच्या वंदनेला मात्र आता वेळ फार लागायला लागला होता. म्हातारी झाली, दम लागतो, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायची.

त्या वर्षांत शहराला एकदम वाचा फुटल्यासारखं झालं होतं. गच्च्यांवरून केबलच्या वायरी गेल्या, दुकानांत रंगीत टीव्ही एकावर एक चढले, ज्याच्या-त्याच्या घरी रिमोट आला आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायची पद्धतही आली. मी जामबागेत एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरणारा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा क्लास केला होता. वर्गात एकटी मुलगी. त्यामुळं हिमायतनगरातल्या एका शोरूममध्ये मला नोकरी लागली. काम दुरुस्तीचं नव्हतंच. गिऱ्हाइकांना टीव्ही लावून दाखवायचा आणि हसायचं. पण मी स्वतःला इंजिनियर समजायची. ओढणीला सोल्डरिंगचा डाग पडला तर तो वरच्या बाजूला, दिसेल असा ठेवायची.

म्हणून विहारात मशीन आणायची असं कमिटीनं ठरवलं तेव्हा कांबळेकाकांनी माझ्याकडंच पाहिलं. कांबळेकाका कमिटीचे अध्यक्ष, रिटायर पोस्टमन, मनानं चांगला माणूस. ते म्हणाले, "सुमन, मागच्या बायांना सोनाबाईचं ऐकू येत न्हाई. तू शिकलेली हाईस, काय लागंल ते तू सांग." मी काय लागेल ते सांगितलं आणि जे लागणार नव्हतं तेही सांगितलं. खरं कारण मागच्या बायका नव्हत्या. माझ्या डोक्यात बाबा होते. ज्या माणसाची जीभ आयुष्यभर माइकवर चालली, त्याला माइक दाखवला, आवाज मोठा करून कानात घातला, तर ती पुन्हा चालेल. हे शास्त्र मी कुठं वाचलं होतं ते आजवर मला आठवलेलं नाही.

कोठीच्या गल्लीतल्या गौसभाईंकडून सामान घेतलं. अँप्लिफायर, एक माइक, भिंतीला लावायचे दोन उंच स्पीकर, म्हणजे कॉलम. गौसभाईंचं दुकान कपाटाएवढं आणि ज्ञान शहराएवढं. त्यांनी विचारलं, "हॉल कित्ता बडा है, अम्मा?" मी मोठ्या रुबाबात सांगितलं. ते म्हणाले, "इत्तेसे कमरे में तो छींके तो बी सुनाई देता. कायकू लगारैं?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शनिवारी दुपारी शिडी लावून कॉलम चढवले, वायरी ठोकल्या, बटण दाबलं, आणि माइकनं अशी शिट्टी मारली की शेजारच्या घरातली म्हैस दावं तोडून रस्त्यावर आली. कॉलम आत्याच्या मागं आणि माइक आत्याच्या पुढं, म्हणजे कॉलमचा आवाज सरळ माइकमध्ये, ही पहिल्या धड्यातली चूक. ते बदललं तर पत्र्याचा घुमारा सुरू झाला. एक शब्द बोललं की चार परत यायचे. मग मी गल्लीतल्या घराघरांतून वाकळा मागून आणल्या आणि मागच्या भिंतीवर, दोन्ही बाजूंना, खिळे मारून टांगल्या. कुणाची लाल, कुणाची ठिगळाची, एक तर लहान लेकराची ओली.

कांबळेकाका दारात थांबून म्हणाले, "हे विहार हाय का धोबीघाट?"

"काका, आवाज पिऊन घेतात त्या."

"बरं बाई. आपल्याला थोडा ठेवू दे म्हणावं."

संध्याकाळी बाबांना दाखवायला घेऊन गेले. ते पाय ओढत पुढं गेले, माइकसमोर उभे राहिले, डावा हात उचलला आणि बोटानं माइकवर दोनदा टकटक केलं. दोन्ही कॉलमांतून ती टकटक आली. बाबा अर्ध्या तोंडानं हसले. आत्यानं पदर तोंडाला लावला. त्या संध्याकाळी मी मेले असते तर बरं झालं असतं, एवढी मी सुखी होते आणि तोवर माझ्या हातून काही बिघडलेलंही नव्हतं.

पण हुशारी एका जागी थांबत नाही. आत्याची पुढच्या महिन्यात रविवारची ड्यूटी लागली. चार रविवार ती नसणार, मग वंदना कोण सांगणार? मी म्हटलं, त्यात काय, भरून ठेवू. एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच, ठेवला. आत्या पाटावर बसली, बाबा कडेच्या खाटेवर. आत्यानं पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली, प्रत्येक ओळीनंतर थांबली, दर रविवारी थांबायची तशी. मी अंगणात रॉकेलच्या गाडीशी भांडत होते. परत आले तर कॅसेटची एक बाजू संपली होती, आत्यानंच ती पालटली होती, आणि दुसरीही अर्धी भरली होती.

आता साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. वंदना चालू असताना मध्येच कुणी उठून कॅसेट पालटायची, खाडकन आवाज करायचा, हे माझ्या इंजिनियरपणाला पटेना. मी ती कॅसेट घेऊन गौसभाईंच्या दुकानात गेले. त्यांच्याकडं दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि नको तिथं पॉज. आत्याची ओळ संपली की पॉज दाबायचा, लोकांच्या म्हणण्यापुरती एका दमाची जागा सोडायची, पुढची ओळ आली की चालू. गौसभाई चहा पीत ऐकत होते. त्या रिकाम्या जागांत मागून काहीतरी बारीक घरघरल्यासारखं येत होतं. मला वाटलं पंखा. गौसभाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "ये अम्मा बीच-बीच में किसके वास्ते रुकरे?"

मी म्हटलं, "बुढ्ढी हो गई ना भाई, दम लगता."

तीस मिनिटांत वंदना बसली. तीन सेकंद उरले. मूळ कॅसेटवर मी त्याच आठवड्यात सिनेमाची गाणी भरली. कुठली ते विचारू नका, आठवतात, पण सांगणार नाही. आणि आमच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता, हे मला आठवायला पुढं बरेच दिवस लागले.

माझी नात मराठी छान बोलते, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी बसून राहते. त्यामुळं हे प्रकरण मी तिला फोनवर बोलून पाठवणार आहे. ती माझे निरोप दीडपट वेगानं ऐकते. "आज्जी, तू फार स्लो बोलतेस," म्हणते. या बाबतीत बोलायचा हक्क मी फार पूर्वी घालवला.

तर पहिल्या रविवारी मी कॅसेट लावली. वाकळांनी घुमारा पिऊन घेतला होता, आवाज स्वच्छ, जशी आत्या कानाशी बसून सांगतेय. आज मी पुढं, मशीनपाशी होते, त्यामुळं बाबा मला समोरून दिसत होते. पहिली ओळ झाली, लोक म्हणाले, बाबांनी तोंड उघडलं, ओठ जुळवले, आणि कॉलममधून दुसरी ओळ आली. बाबांनी ओठ सोडले आणि दुसरीसाठी जुळवायला लागले, तोवर तिसरी. मला वाटलं आवाज कमी पडतोय. मी वाढवला. पंचशील झालं तेव्हा बाबा माइककडं बघत होते, आणि तोंड बंद होतं. वंदना अर्ध्या तासात आटोपली. लोक खूश. रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका असायच्या, त्या सगळ्यांना पहिल्यापासून मिळाल्या. कांबळेकाका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, नाव काढलंस." दुसऱ्या रविवारी मी कॉलम बाबांकडं वळवला. तिसऱ्या रविवारी त्यांची खुर्ची कॉलमखाली नेली. चौथ्या रविवारी त्यांनी कानावर हात ठेवला.

आत्याची ड्यूटी संपली, पण कॅसेट चालूच राहिली, आणि ती विहारात येऊन माझ्या शेजारी बसली. स्वतःचाच आवाज ऐकत. ती मूर्तीकडं बघत नव्हती, बाबांकडं बघत होती. घरी आल्यावर लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "सुमे, म्या एवढी घाई करते का गं?"

"नाही आत्या, तू कुठं? ती मी केली," मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं.

आत्यानं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती, वंदना पुन्हा म्याच सांगते म्हणून, कांबळेकाकांना भेटून आली. काका म्हणाले, सोनाबाई, जलमभर सांगितलं तुम्ही, आता बसा निवांत, मशीन घेतलीच हाय तर. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिला सुख देतोय. आत्याला भांडता येत नव्हतं. मला येत होतं, पण मी चुकीच्या बाजूला होते.

मग एका रविवारी वंदनेच्या मध्येच करंट गेला. आत्याचा आवाज कॉलममध्ये घोगरा झाला, लांबला आणि बुडाला. आत्या उठली, पुढं जाऊन तिच्या जुन्या जागेवर बसली आणि बुडालेली ओळ उचलून म्हणाली. लोक मागून म्हणाले. आत्या थांबली. तिनं मान किंचित डावीकडं वळवली आणि बाबांकडं पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि बाबांनी इतक्या रविवारांनंतर तोंड उघडलं. पहिलं अक्षर आलं. मी ऐकलं. घशातून, बारीक, घरघरल्यासारखं. तो आवाज मी गौसभाईंच्या दुकानात तासभर ऐकला होता आणि बटण दाबून दाबून काढून टाकला होता.

आणि तेवढ्यात मागून कुणी एक बाई पुढची ओळ म्हणाली. आत्या विसरली असं तिला वाटलं. तिच्यामागं सगळे म्हणाले. आत्यानं हात वर केला, पुढची ओळ सांगितली, पुन्हा थांबली. या वेळी कांबळेकाका हळूच म्हणाले, "सोनाबाई, यानंतर ते हाय बघा," आणि त्यांनी ओळ सुचवली, आणि लोकांनी ती उचलली. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. त्यांच्या अंगात आता कॅसेटचा वेग बसला होता. आत्यानं आणखी एकदा थांबून पाहिलं. बाबांचं तोंड अर्ध्या अक्षरावर उघडंच होतं. त्यांनी डाव्या हातानं ते स्वतःच मिटलं, लहान लेकराचं मिटावं तसं. मी मशीनपाशी बसले होते. करंट नसलेल्या मशीनची बटणं मी उगाच फिरवत होते.

पुढच्या रविवारी बाबांनी चपला घातल्या नाहीत. आत्यानं चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या, त्यांनी पाय वर घेतले.

मी सुधारायला गेले, अर्थातच मशीन घेऊनच. नवी कॅसेट आणली, नव्वद मिनिटांची. आत्याला पाटावर बसवलं, बाबांच्या खाटेला टू-इन-वन अगदी टेकवून ठेवला. म्हटलं, आत्या, तू थांब, हवं तेवढं थांब, मी काही कापणार नाही. आत्यानं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मी श्वास धरून बसले. बाबांनी रेकॉर्डिंगच्या लाल दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. अड्ड्यावर गाडी सुटून गेल्यावर धावत आलेल्या माणसाकडं ते काचेतून बघायचे, तसं. आणि कूस बदलली. नव्वद मिनिटांच्या त्या कॅसेटवर आत्याची एक ओळ आहे, त्यानंतर बराच वेळ रस्त्यावरचे हॉर्न आहेत, आणि मग माझं नाक ओढणं आहे. ती मात्र मी पुसली नाही.

आत्या रोज सकाळी चहाच्या आधी त्यांच्याजवळ बसून एकेक ओळ सांगायची. बाबा नाही म्हणून मान हलवायचे. त्यांना एकट्या आत्याला म्हणून दाखवायचं नव्हतं. चारचौघांत, सगळ्यांच्या मागून का होईना, आपलाही आवाज त्यात पडावा एवढंच त्यांचं होतं. ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त वायरी कळायच्या.

थंडीत बाबा गेले. दुपारी, भाकरीच्या वेळेला. शेवटचा शब्द वगैरे काही नाही.

बाबांच्या जलदानविधीच्या दिवशी विहार भरलं होतं. अड्ड्यावरचे लोक आले होते, तो नवा ओरडणारा अनाउन्सरही आला होता आणि गौसभाई दुकान बंद करून आले होते. मी सकाळीच जाऊन मशीनचा प्लग काढला होता, वायर गुंडाळली होती, कॅसेट ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली होती. वाकळाही भिंतीवरून उतरवल्या होत्या. आज आत्याच सांगेल, तिच्या आवाजात, तिला हवी तशी, एवढं तरी आपण करू, असं मी ठरवलं होतं. सगळे बसले. मेणबत्त्या लागल्या. बाबांची खुर्ची डाव्या हाताला रिकामी होती, ती उचलायचं कुणाला सुचलं नव्हतं. कांबळेकाकांनी हात जोडले आणि आत्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आत्यानं तोंड उघडलं. मग तिची मान सवयीनं डावीकडं वळली, आणि तिथंच राहिली. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते.

"सुमे," ती म्हणाली, "लाव तुही क्यासेट. आता कुणासाठी थांबायचं हाय?"